माझ्या उजव्या कानात बसलेल्या साडूभाऊंना

आदरणीय साडूभाऊ,

नमस्कार. (बसून केला आहे. उठून करण्याइतका आदर आज शिल्लक नाही, पण तुम्ही वयाने मोठे म्हणून करणं भाग आहे.) तुमचा गुडघा, ताईंची कंबर आणि तुमचं ते पोट साफ न होण्याचं प्रकरण, सगळं एव्हाना मार्गी लागलं असेल. इकडे तुमची मेहुणी खुशाल आहे. मी खुशाल नाही. मी भयंकर रागावलो आहे, आणि हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मागे मी फोनवर तासभर संतापलो होतो आणि शेवटी तुम्ही म्हणालात, बरं वाटलं हो गप्पा मारून.

मी कवळ्या बनवतो हे तुम्ही चारचौघांत ‘दातांच्या लाइनमध्ये आहेत’ असं सांगता. असो. माणसाच्या उरलेल्या दातांचा रंग बघायचा आणि त्या पिवळ्याला जुळणारा पिवळा निवडायचा, यावर माझं घर चालतं. वर्षाच्या सुरुवातीला मी एका बँकेच्या मॅनेजरला पुढचा एक दात असा बसवला की तो हसला की दिवा लागल्यासारखा दिसायचा. तो हसायचाच बंद झाला. तेव्हा मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आत बराच वेळ उजेड मारला आणि सांगितलं की साखर डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोचली आहे, गोड आजपासून बंद, नाहीतर पुढे कवळ्या चाचपून कराव्या लागतील. मी घाबरलो. इतका घाबरलो की धीर यावा म्हणून खाली उतरल्या उतरल्या क्रीमच्या बिस्किटांचा पुडा संपवला.

अशा अवस्थेत आमच्या धाकटीच्या वाढदिवसाला तुम्ही आलात. सगळ्यांच्या तोंडात केक होता आणि तुमच्या तोंडात भाषण. मी साखर सोडली ती सोडलीच, मनाचा निग्रह लागतो, वगैरे. (काकडीची फोड हातात धरून एवढा रुबाब मी आजवर कोणाचा पाहिला नाही.) मग सर्वांदेखत माझ्याकडे वळून तुम्ही म्हणालात की ज्यांच्याकडे निग्रह नसतो त्यांच्यासाठी संमोहन असतं, आणि संमोहन करणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिलात. तुमच्या ऑफिसातल्या कुणाची तरी सिगारेट त्यांनी सोडवली होती म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली, पण तुमच्या मेहुणीने तो पत्ता लगेच पदरात घेतल्यासारखा पर्समध्ये टाकला आणि माझा विषय संपला.

बाईंची खोली एका ड्रायक्लीनरच्या वर आहे. खालून इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे वर आलेला माणूस निम्मा आधीच ढेपाळलेला असतो. एक मागे कलणारी खुर्ची, एक घड्याळ, आणि बाईंचा आवाज, जो ऐकून बाळं झोपतील. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की माझ्यावर असल्या गोष्टींचा परिणाम होत नाही, आणि हे सांगतानाच मी घोरू लागलो, असं बाई म्हणतात. मग त्यांनी विचारलं, कशाच्या आठवणीने तोंडाची चव जाते? मी बराच विचार केला. लोकांच्या तोंडातले साचे, लाळ, जुन्या कवळ्या, यांचं मला काही वाटत नाही, डबा मी त्यांच्या शेजारीच बसून खातो. आणि अचानक मला तुमचा आवाज आठवला. वाढदिवसाचा. काकडीसकट. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, उत्तम, यांनाच धरून ठेवा.

तर साडूभाऊ, त्या दिवसापासून तुम्ही माझ्या उजव्या कानात राहायला आहात. बिस्किटाकडे हात गेला की तुम्ही म्हणता, निग्रह लागतो. चहात साखर टाकायला चमचा उचलला की तुम्ही घसा खाकरता. उपाय लागू पडला, हे मी दात ओठ खाऊन कबूल करतो. गोड सुटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. पण तुम्ही गोडावर थांबलात तर शपथ! आठवड्याभरात तुम्ही माझ्या बनियनवर बोलू लागलात. मग मी गच्चीचं गळणं कसं थांबवावं यावर. घरी येता तेव्हा निदान रात्री जेवून जाता तरी, कानातले तुम्ही मुक्कामालाच.

आणि मग ते हेडबाईंचं प्रकरण. निवृत्त हेडमिस्ट्रेस, कडक बाई, पूर्ण कवळीचं काम. आम्ही आधी मेणात दात लावून तोंडात बसवून बघतो, ते ठीक वाटलं की मग पक्की कवळी. त्या आ वासून बसल्या होत्या, त्यांच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता, आणि तो वास घेताच तुम्ही कानात सुरू झालात. मी ओरडलो, आता एक शब्द बोलाल तर याद राखा! खोलीत दोघंच होतो आणि त्यांच्या तोंडात माझी बोटं होती. त्या ताडकन उठल्या आणि मेणात लावलेले दात तोंडात तसेच घेऊन घरी गेल्या. घरी जाऊन संतापाने कढत चहा प्यायल्या. संध्याकाळी त्यांनी रुमालातून जे आणून टेबलावर ठेवलं, त्यातला प्रत्येक दात वेगळ्या दिशेला बघत होता. मला हात पुढे करायला सांगून त्यांनी खरोखरच पट्टी शोधली.

हेही मी सोसलं. कशासाठी? डोळ्यांसाठी. आणि परवा ताईंचा फोन आला. तुमची मेहुणी ‘अगंबाई, अगंबाई’ करत होती तेव्हाच मला शंका आली. कळलं ते असं, की साखर सोडली ती सोडलीच म्हणणारे साडूभाऊ बाथरूमचं दार लावून, नळ मोठा सोडून, बरणीतला जॅम चमच्याने खातात! बरणी गीझरच्या मागे असते! अहो, थोडी तरी लाज! तुम्ही जॅम खाल्लात याचं मला दुःख नाही, पण सापडलात कशाला? काल दुपारी मी बिस्किटाचा पुडा उघडला, तुम्ही कानात म्हणालात, निग्रह लागतो, आणि मला इतकं हसू आलं की पुडा संपल्यावरच थांबलं. आता तुमच्या बोलण्याला काडीची किंमत उरलेली नाही. माझे डोळे तुमच्या शब्दावर टिकून होते आणि तुम्ही ते स्ट्रॉबेरीत बुडवलेत. आपले संबंध संपले असं समजावं.

ताईंना नमस्कार, तुम्हाला अजिबात नाही.

आपला (नाइलाजाने),
धाकटा साडू

ता. क. : ताई जॅमबद्दल बोलल्या ते शेवटी. आधी त्या नुसत्या रडत होत्या. मग म्हणाल्या, गेल्या रविवारी तुम्ही चहा कपाबाहेर ओतलात आणि टेबल हललं म्हणालात. टेबल हललं नव्हतं, साडूभाऊ. डाव्या डोळ्याने तुम्हाला कधीपासून नीट दिसत नाही ते ताईंना सांगा, आजच सांगा. मला भीती वाटली, दुसरं काही नाही. भीती वाटली की मी असाच बोलतो, हे तुम्हाला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

आणखी एक : शनिवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणि तिथून बाईंकडे, दोन्हीकडे तुमच्यासाठी वेळ घेतली आहे. मी न्यायला येतो. कारणं सांगू नका. खुर्चीत बसल्यावर बाई विचारतील, कोणाचा आवाज आठवला की तोंडाची चव जाते. भीड बाळगू नका, माझं नाव सांगा. मी तुमच्या कानात काय बोलायचं ते वर सगळं लिहिलंच आहे, कमी पडलं तर आणखी आहे.

शेवटचं : पत्राची पानं एवढी का झाली, अक्षर इतकं मोठं का काढलं, असं तुमची मेहुणी मघाशी विचारत होती. मी म्हणालो, रागाने.