पाठकोऱ्या कागदाची दुसरी बाजू

११ जुलै, नांदेड
काल दवाखान्यात माझी बीजं काढली. तेरा. भूल उतरली तेव्हा सरांनी बोटांनी दाखवलं, आधी दहा, मग तीन. (नवऱ्याचा क्लास आहे, सगळं लातूर त्यांना सर म्हणतं, मीही तेच म्हणते.) डॉक्टर मॅडमनी प्रत्येक बीजात सुईने एकेक शुक्रजंतू सोडला. "पेपर सोपा गेला," सर म्हणाले. मला नीट बसता येत नाही. सासूबाईंचा फोन: "जपून ऱ्हा म्हणावं, यंदा तरी." यंदा तरी!

१५ जुलै, नांदेड
पोट फुगलंय, आत पाणी साचलंय, श्वास पुरत नाही. इंजेक्शनांनी अंडाशयं सुजली. अशात गर्भ सोडता येत नाही, म्हणून तयार झालेले तीन गर्भ गोठवून ठेवले. पुढच्या महिन्यात बघू. सलाईन चालू.
असं होऊ शकतं हे संमतीच्या फॉर्मात होतं म्हणे. मी वाचलाच नव्हता. सरांनी बोट ठेवलं तिथं सही केली. रोज पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडणाऱ्या माणसाने वाचलाय, म्हटल्यावर मी कशाला वाचू?

२ ऑगस्ट, लातूर
पोट उतरलं. शेजारी बारसं होतं. ओट्या भरायला घेतल्या आणि सासूबाई सगळ्यांदेखत, "तू आत भाजीकडं बघ गं." लग्नाला आठ वर्षं झाली, प्रत्येक बारशाला मी भाजीकडेच बघते. सर दारात उभे होते. फोनमध्ये बघत होते.
मला ते म्हणाले होते, दोघांतही थोडं थोडं कमी आहे. सासूबाईंना वाटतं सगळं माझंच. सर कधी...
जाऊ दे. डोकं दुखतंय.

६ ऑगस्ट
टेस्ट नं. १४ टाईप केली. क्लासचे सगळे पेपर मीच टाईप करते. सर हाताने लिहून देतात, तेही पाठकोऱ्या कागदांवर. लग्नपत्रिका, जुन्या नोटिसा, एका बाजूने कोरं काही टाकून देत नाहीत.
प्रश्न ४१. इंग्रजीतला, मराठीत असा: एका पुरुषाच्या वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला आहे, त्यामुळे शुक्रजंतू फारच कमी. सुईने बीजात शुक्रजंतू सोडून अपत्य झालं, तर हा दोष कोणाकडे जाईल? उत्तर अ: सगळ्या मुलग्यांकडे, मुलींकडे नाही.
चांगला प्रश्न काढलाय, असंसुद्धा वाटलं मला. मागे या वेळी कुणाची पत्रिका आहे बघावं म्हणून कागद उलटला.
मागे तपासणीच्या रिपोर्टची झेरॉक्स. सरांचं नाव. हाच दोष. महिना मार्च.
माझी इंजेक्शनं जूनमध्ये सुरू झाली.
नंतर ४२ ते ५० टाईप केले. चुका नाहीत.

७ ऑगस्ट
सर लिहायला आज हात होत नाही. प्रकाश.
कागद पुढे ठेवला. आधी म्हणाला, हा इकडे कसा आला. मग, "तू घाबरली असतीस. नको म्हणाली असतीस."
"मुलगा झाला तर?"
"त्यालाही पुढं हाच उपाय करता येईल. तोवर विज्ञान कुठल्या कुठं जाईल." वर्गातला आवाज.
"आणि माझ्यात काय कमी आहे?"
त्याने कागद पालथा घातला. मग, "काही नाही."
कधीपासून हे दोन शब्द खिशात घालून फिरत होता. स्वतःचा दोष प्रश्न करून भरलेल्या वर्गाला सांगायला निघाला होता, फक्त मला सांगायचं नव्हतं. फसवलं मला. दुसरा शब्द सापडत नाही.

१० ऑगस्ट
मावशी आली, सायलीला डबा घेऊन. मावशीची दोन्ही पोरं भूकंपात गेली. पोरं बंद करायचं ऑपरेशन आधीच झालेलं, ते उलटं करून घेतलं, मग ही सायली. आता प्रकाशच्याच क्लासला आहे.
मावशीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडली. "मला अक्षर येत न्हाई. पर त्या डॉक्टरनं पत्र्याच्या शेडात बसून येक येक ओळ वाचून दाखिवली. व्हईल का न्हाई सांगता येत न्हाई, म्हनला. मंग आंगठा घेतला."
मी बी.एस्सी.

१८ ऑगस्ट, नांदेड
एकटी गेले, एस.टी.ने. विष्णुपुरी आली तेव्हा वाटलं, इथूनच परत फिरावं. तरी उतरले, गेले.
मॅडमना म्हटलं, फॉर्म वाचून दाखवा. वाचला. तिन्हींतला एकही रुजेल याची खात्री नाही. रुजला तरी गळू शकतो. बाळात जन्मजात व्यंगाचा धोका थोडा जास्त. मुलगा झाला तर बापाचा दोष त्याच्यात येणारच. गर्भ मुलाचा की मुलीचा, हे बघायला कायद्याने बंदी.
"मार्चमध्ये हे सगळं सरांना सांगितलं होतं. मिसेसना मी समजावतो, म्हणाले."
"मला का नाही बोलावलं?"
मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "बोलवायला पाहिजे होतं."
परत येताना खिडकीशी बसून रडून घेतलं. मला मूल हवंय. मुलगा झाला तरी हवाय, त्याच्या दोषासकट. मार्चमध्ये विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं. विचारलंच नाही.

२६ ऑगस्ट, लातूर
उद्या अकराला गर्भ सोडायचा. पहाटे निघायचं. फॉर्म घरी आणलाय. प्रकाशची सही झालीय, माझी जागा कोरी.
दुपारी म्हटलं, "आधी आईंना सांगा, दोष कुणात आहे ते. मगच सही. माझ्यासमोर नको. पण तुमच्या तोंडाने."
"त्यांचं वय बघ जरा."
"माझं बघा."
सासूबाईंनी नातवासाठी नवस बोललाय. उद्यासाठी माझी हिरवी साडी इस्त्री करून ठेवलीय. चांगल्या मनानेच ठेवलीय, म्हणून जास्त राग येतो.
साडेसहा. त्यांची सिरियल लागलीय. प्रकाश दोनदा दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन आला. आत्ता आत गेला, दार लोटून घेतलं. मी स्वयंपाकघरात, फॉर्म पुढ्यात.
टीव्ही बंद झाला.
"काय झालं रं?" सासूबाई.
माझे कान तिकडे, फॉर्मवर माझी जागा अजून कोरी.