नऊ एकांची संख्या

आप्पा, आज साताऱ्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी तुमचे खडे मांडून दाखवले. त्यावरूनच हे लिहायला बसले आहे.

जतच्या माळावर तुम्ही सकाळी मेंढरं मोजताय, लहानगी मी शेजारी उकिडवी बसलेय. जमिनीत खळग्यांची ओळ. मेंढरामागे एक खडा. दहा झाले की तुम्ही ते उचलता, शेजारच्या खळग्यात एक टाकता, नऊ हातात राहतात. शेवटी सगळ्या खळग्यांतले खडे एकत्र करून तीन-तीन बाजूला काढता. काहीच उरलं नाही, तर कळप तुम्हा तिघा भावांत सारखा वाटला जाणार. मी विचारलं, असं कसं? तुम्ही म्हणालात, "दर खेपंला नऊ गेलं न्हवं? नऊ म्हंजी तिनाचंच. उरल्यालं तेवढं बघायचं." तुम्हाला सहीसुद्धा येत नव्हती.

मग सांगलीचं कॉलेज. तुम्ही माझी पेटी घेऊन आला होता, खांद्यावर घोंगडी, वर्गाच्या दाराशी बसलेले. बाईंनी फळ्यावर नऊ वेळा एक लिहिला : अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. नवानं भाग जातो का? सगळे म्हणाले, अंकांची बेरीज नऊ, म्हणजे जातो. "पण का?" बाईंनी विचारलं. मी उठले, खळग्यांसारखे नऊ गोल काढले, प्रत्येकात एक ठिपका. दहाच्या जागी एक ठेवला की नऊ कमी होतात, म्हणजे जे गेलं ते नवाच्याच पटीत गेलं, आणि उरलेत तेही नऊच. बाई खूश झाल्या. "हे कुठून सुचलं तुला?" मी म्हणाले, "माझं मीच."

तुम्ही ऐकलंत. स्टँडवर भागाकार तेवढा विचारलात. मी सांगितला : एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ. तुम्ही बोटं मोजलीत आणि हसलात. "आगं, यातलं एक मेंढरू ऱ्हायलं की! आठ कुठाय?" माझ्या मैत्रिणी पलीकडेच उभ्या होत्या. "आप्पा, चढा आता, गाडी सुटंल," म्हणत मी तुम्हाला जवळजवळ ढकललंच. त्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. आठ का गळतो ते मला पुढच्या वर्षी समजलं.

आता इस्लामपूरला शाळेत शिकवते. मुलांना सांगते, उत्तर कुठून आलं ते लिहायला लाजू नका. आणि आज साताऱ्यात प्रशिक्षण घेणाऱ्या साहेबांनी ही खड्यांची रीत कुठली ते विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "आमच्या भागातली जुनी रीत आहे." संपूर्ण भागाला श्रेय दिलं, आप्पा, एका माणसाला नाही.

परतताना आईला फोन केला, सगळ्यांना फार आवडलं म्हणून सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग सांगितलंस न्हवं, तुज्या आप्पांनी शिकिवलं म्हून?"

मी व्हय म्हणाले.