ह्यांच्या वाट्याचा तुकडा

३ ऑगस्ट, रवि.
शेजारच्या रूथबाईंबरोबर पहिल्यांदा चर्चला गेले. चर्च म्हणजे ऐरोलीतल्याच शाळेचा हॉल, रविवारपुरता. चपला दाराबाहेर काढल्या. आत बघते तर सगळे चपला-बूट घालून, मी एकटी अनवाणी. तबला-पेटीवर भजनं, आपल्याच चालीची. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून गाणं असं बसून ऐकलंच नव्हतं.
शेवटी पाळकांनी भाकरीचे बारीक तुकडे वाटले. लोक पुढे जाऊन गुडघे टेकत होते. मीही गेले. तुकडा डोळ्यांना लावला, रुमालात बांधला. घरी येऊन ह्यांच्या फोटोपुढे ठेवला. कुठलाही प्रसाद ह्यांच्या वाट्याचा घरी आणायचा, ही जुनी सवय.

५ ऑगस्ट
रूथबाई चहाला आल्या. फोटोपुढे थबकल्या.
"ताई, हा प्रभुभोजनातला तुकडा?"
"हो. ह्यांच्यासाठी आणला."
"अरे देवा! तो तिथंच खायचा असतो. आणि बाप्तिस्मा झाल्याशिवाय घ्यायचाच नसतो." मग स्वतःच्याच कपाळाला हात. "चूक माझीच. मी डोळे मिटून बसलेली."
तुकडा वाळून कडक. टाकायचा कसा, ठेवायचा कसा, दोघींनाही कळेना. मुंग्या लागतील म्हणून डबीत.

९ ऑगस्ट, शनि.
नवीन लोकांचा वर्ग, दु. ४. आम्ही पाच जण. डबी पाळकसाहेबांपुढे ठेवली, सगळं सांगितलं. वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी तुकडा उचलला, तोंडात टाकला, बराच वेळ चावला. "कडक झालाय, मावशी." एवढंच.
मग समजावलं. येशूने मरणाच्या आदल्या रात्री आपल्या माणसांबरोबर जेवताना भाकरी मोडली. तुकडा घेणारा त्याच्या पंगतीला बसतो. म्हणून तो दुसऱ्यासाठी बांधून नेता येत नाही, ज्याचा त्याने घ्यायचा.
२८ सप्टें.ला बाप्तिस्मा. ज्यांना हवा त्यांनी कार्डावर नाव लिहून द्यायचं. घाई नाही म्हणाले. कार्ड घेतलं.

१६ ऑगस्ट, शनि.
ऐकलं तेवढं उतरवते. शाळा चौथीत सुटली. ह्यांनी तुर्भ्याच्या कंपनीतून आणलेल्या पेपरवर वाचायला शिकले, म्हणून लिहून काढलं की डोक्यात राहतं.
देव एक. बाप, पुत्र, पवित्र आत्मा, तीन पण एकच. कसं, विचारलं. साहेब म्हणाले, "पूर्ण कळलेला कुणी भेटला तर माझ्याकडे पाठवा."
कृपा म्हणजे न कमावता मिळालेलं.
येशू आपल्या पापांसाठी क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. लगेच पटलं असं नाही. पण गेलेलं माणूस परत दारात उभं राहिलं तर काय होईल, ते मला शिकवायला नको.

२३ ऑगस्ट, शनि.
प्रार्थना. पाठ करायला हवी असं नाही, साध्या बोलीत बोलायचं. मला येईना. ह्यांच्या फोटोशी बोलते तसं सुरू केलं, मग आलं. हे साहेबांना सांगितलं नाही.

३० ऑगस्ट, शनि.
आज विचारलंच. "माझा नवरा येशूचं नाव न घेता गेला. मी बाप्तिस्मा घेतला तर मी एकीकडे आणि ते एकीकडे?"
साहेब म्हणाले, "मला माहीत नाही, मावशी. येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला जीवन आहे, हे मी शिकवतो. तुमच्या नवऱ्याचा निकाल द्यायला मला बसवलेलं नाही. ज्याच्या हातात ते आहेत तो माझ्याहून दयाळू आहे, एवढं खात्रीनं सांगतो."
गोड बोलून वेळ मारली असती तर उठून आले असते. पण रडू आलं, ते आलंच.

७ सप्टें., रवि.
प्रभुभोजन. सगळे उठले. मी बाकावर. शाळकरी बाक, गुडघे आत मावत नाहीत.

१० सप्टें.
नणंद वनिता आली, तळवलीहून. उंबऱ्यातूनच, "वयनी, तू ख्रिस्ती होतेस असा ऐकला. मंग आमच्या दादाचा पान कोन ठेवनार गो?"
"अजून ठरलं नाही."
"ठरव तं लवकर. रविवारी पितरांतली दादाची अष्टमी हाय. आन माजे घरचा पानी पिनार का नाय, ते पन सांग."
दोन कप चहा पिऊन गेली.
साहेबांना फोन. म्हणाले, गेलेली माणसं जेवायला येतात असं आम्ही मानत नाही. आठवणीला मनाई नाही. मग हळूच, "माझी आजी आजोबांच्या कबरीवर पुरणपोळी ठेवायची. वडील रागवायचे. ती म्हणायची, देवाला काय बोलायचं ते मला बोलेल."

१४ सप्टें., रवि.
चर्च चुकवलं. तळवलीला. वडे, खीर, वालाचं बिरडं. पान वाढून झालं. वनिता म्हणाली, "तू बोल काय ते. नवरा तुजा."
डोळे मिटले. जिथं आहात तिथं तो तुम्हाला सांभाळो, म्हटलं. आणि सवयीनं आमेन. चांगलं मोठ्यानं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
"आमेन म्हंजे काय गो?"
"तसं होवो."
वनितानं थोडा विचार केला. "मंग बरा हाय." पान घेऊन कौलांवर ठेवायला गेली.

२० सप्टें., शनि.
शेवटचा वर्ग. रूथबाई म्हणाल्या, बाप्तिस्म्याला पांढरी साडी. दवाखान्यात ह्यांनी बजावलं होतं, माझ्यामागं पांढरं नेसायचं नाही. साहेबांना विचारलं. "पांढरी ही रीत आहे, मावशी. नियम नाही."

२७ सप्टें., शनि.
ह्यांनी घेतलेली मोरपिशी साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली. कार्ड फोटोपुढे, तुकडा ठेवला होता तिथं. कोरं. पेन शेजारी. सकाळपासून तीनदा उचलला.
संध्याकाळी वनिताचा फोन. "उद्या कती वाजता?"
"तुला कुणी सांगितलं?"
"तुजे रूथबाईंनी. बघाया येतंय, पानी कसा घालतात ते."
"वनिता, माझं अजून नक्की नाही गं."
"नसू दे. आयले तं बसन. चपला भायेर काराच्या ना?"
"घालून बसलीस तरी चालतं तिथं," म्हटलं. "मी अजून काढते."