सात नंबरची आई

१ जून
युनिव्हर्सिटीची वेटिंग लिस्ट म्हणे! आणि त्यातही सातवा नंबर! त्या पहिल्या सहा जणांना काय शिंगं फुटलीत? हजारांतून निवडतो म्हणून मिरवतात, मग नीट निवडा ना. शाळेत दुसरी आलेली पोर दाराबाहेर बसवून ठेवायची, ही कुठली रीत? ही डायरी डॉक्टरांनी मला बीपी लिहायला दिली आहे. औषध कंपनीची आहे, पानोपानी गोळीचं चित्र. बीपी आज घेतलं नाही. मशीन लागत नाही, कानशिलं सांगतायत.

२ जून, सकाळी ६
शांतपणे विचार केला. सात म्हणजे काहीच नाही. अकरा वर्षं दवाखान्याच्या दारात बसून नंबर देते मी. पहिल्या दहातले तीन उठून जातातच. एकाचं दुखणं बसल्याबसल्या थांबतं, एकाला घरून फोन येतो, एक माझ्याशी भांडून जातो. पोरीला हे समजावलं. म्हणाली, आई, युनिव्हर्सिटी म्हणजे दवाखाना नाही गं. मी म्हटलं, माणसं तीच असतात.

४ जून
दुसऱ्या एका कॉलेजात तिची सीट पक्की झाली आहे. रेल्वेने चौदा तास. तिथे दगडांचा अभ्यास शिकवतात. दगड! म्हटलं, दगड बघायला चौदा तास कशाला, मागच्या गल्लीत रस्ता उकरलाय तिथे जा. हसली नाही. इथली युनिव्हर्सिटी बसने वीस मिनिटं. एवढं मोठं नाव, तिथे काहीही शिकलं तरी चालतं. मी काही तिला अडवत नाही. मला एकटीला राहायला काय होतंय? हे गेल्यापासून एकटीच तर आहे. ती असते तेवढं सोडलं तर.

५ जून
दवाखाना दुपारी एक ते चार बंद असतो. थेट युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात गेले. खिडकीत एक चष्मेवाला क्लार्क. त्याला सांगितलं, सात नंबरची माणसं आली आहेत. म्हणाला, बाई, यायची गरज नाही, कळवू. म्हटलं, कधी? म्हणाला, ते कसं सांगणार, लिस्ट सरकेल तसं. काय उद्धट माणूस! दारात आलेल्या माणसाशी असं बोलतात?
पण मला आतल्या गोष्टी कळतात. आमच्याकडे हाक मारली आणि माणूस जागेवर नसला तर नंबर शेवटी जातो. हे लोक तोंडाने सांगत नाहीत एवढंच. रोज जाऊन समोरच्या बाकावर बसायचं ठरवलं.
संध्याकाळी दवाखान्यात एका आजोबांनी तीनदा विचारलं, माझा नंबर कधी? म्हटलं, ते मी कसं सांगणार, सरकेल तसं. लोकांना दम म्हणून नाही.

८ जून
बाकावर दीड तास. आज फी भरायला आलेल्यांचे चेहरे बघितले. एकीची आई सारखी घड्याळ बघत होती, ही सीट सोडून जाणार. एक बाप प्रत्येक कागद तीनदा वाचत होता, तोही जाणार. म्हणजे आपण पाचवर आलो.
पोरीने आज बाजारातून बादली, मग आणि कुलूप आणलं. आपली बादली चांगली आहे अजून. पण घरातलं स्वतःहून बघायला लागली हे बरं झालं.

९ जून
बाकावर दोन तास. चष्मेवाल्याने पाणी विचारलं. ओळख वाढते आहे. घरी आले तर पोरीने पाय चेपून दिले. दहा वर्षांत असं केलं नव्हतं. म्हटलं, काय हवंय? म्हणाली, काही नाही.

१२ जून
पोरगी भात करायला शिकते आहे. आज चिखल झाला. दोघींनी खाल्ला.
धाकट्या बहिणीचा फोन. म्हणे, ताई, लिस्टवर ती आहे की तू? जाऊ दे की पोरीला. मी म्हटलं, तुला तीन मुलं आहेत, तू बोलूच नकोस. फोन ठेवला. तिने परत केला नाही. मला कामं होती म्हणून मीही केला नाही.

१५ जून
आजपासून घरात लिस्टचं नाव काढायचं नाही. पोरीला उगाच टेन्शन येतं.

१५ जून, संध्याकाळी
चारदा काढलं. पण ती गप्पच बसते, मग काहीतरी बोलायला नको का?

१८ जून
बस उशिरा आली. दवाखान्याबाहेर बारा पेशंट उन्हात उभे, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. डॉक्टर चिडले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, बाई, हवी तर चार दिवस रजा घ्या. अकरा वर्षांत एक रजा नाही घेतली मी. घेऊन करायचं काय? घरी कोण असतं दिवसा?

२१ जून
खिडकीशी गेल्या गेल्या चष्मेवाला म्हणाला, लिस्ट नऊपर्यंत गेली. नऊ! म्हटलं, मग सात कुठे गेला? मी इथे आठ वेळा येऊन बसले, हाक मारली असती तर ऐकू आली नसती का? त्याने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. सात नंबरसमोर लिहिलं होतं, उमेदवाराने स्वतः नाव मागे घेतलं. तारीख ९ जून.
९ तारखेला मी इथेच बसले होते.
त्याला म्हटलं, मशीन चुकतं कधीकधी. म्हणाला, हो, चुकतं. वाईट नाही माणूस.

२२ जून
आज तिला चांगली फैलावर घेणार. आईला तिथे बसू दिलंस, एक शब्द नाही बोललीस! सगळं मनात जुळवून ठेवलं आहे.

२२ जून, रात्री ८
विषय काढला नाही. ती दमली होती. भात मात्र आज सुटा झाला.

२३ जून
तिनेच सांगितलं. परवाची गाडी आहे. मी ऐकत होते, पण तोंड चिरायच्या कांद्याकडे. म्हणाली, तू इतकी खुशीत बाकावर जायचीस, मला सांगवेना. आणि आई, लिस्ट सरकली असती तरी मला तिकडेच जायचं होतं. मला खरंच दगड आवडतात गं. म्हटलं, आवडतात तर जा, मी कुठे धरून ठेवलंय! ती रडली. मी नाही. कांदा होता.

२५ जून
गाडी वेळेवर सुटली. एरवी कधी सुटत नाही.

२८ जून
तिचा फोन. खोलीत तिघी. एक घोरते. मला विचारलं, जेवलीस का? हो म्हटलं. आणखी काय सांगायचं सुचेना, म्हणून रागावले की एवढ्या उशिरा का केलास. मग तिने ठेवला.

१ जुलै
बीपी वाढलं आहे. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. एकटीसाठी अंदाज येत नाही, दोघींचंच पडतं.
दुपारी दवाखाना बंद झाल्यावर कुठे जावं कळेना. युनिव्हर्सिटीत गेले. कशाला आलात, असं चष्मेवाल्याने विचारलं नाही. पंधरा मिनिटं बसले. घरी यायला तरी कुठली घाई होती.

४ जुलै
तिला विचारलं होतं, सुट्टीत येणार का. म्हणाली, बघते, शेतात-डोंगरात कॅम्प आहे, नक्की नाही सांगता येत.
शेवटी मीच मेसेज लिहिला. अर्धा तास लागला. इथे उतरवून ठेवते, उद्या म्हणायला नको की आईने विचारलं नाही.
'डॉक्टर चार दिवस रजा देतायत. मला नको होती, पण वाया कशाला घालवायची. तिकीट काढायच्या आधी माहिती हवी. तुझ्या हॉस्टेलात आईला राहू देतात का? खाली चटईवर चालेल. घोरणारीची मला अडचण नाही. तिथल्या बाईंना विचार आणि शनिवारपर्यंत कळव. बघते म्हणू नकोस. हो किंवा नाही.'