डुक्कर फियाट न्यूझीलंडला जाणार

२ नोव्हेंबर २००९, सोमवार
दादाला जाऊन अडीच महिने झाले. यापुढे रडायचं नाही. काम करायचं. त्याने गॅरेज सांभाळून नेरे गावच्या शेडमध्ये अकरा वर्षं खपून उभी केलेली १९६१ ची डुक्कर फियाट विकायची. न्यूझीलंडचे मिस्टर वॉलेस घ्यायला तयार आहेत. शेड काळूरामच्या जमिनीवर आहे. त्याला फार्महाउस बांधायचं आहे, तीस तारखेला शेड पाडणार. तोवर गाडी हलली नाही तर भंगारात, म्हणाला. दादाचा बालमित्र! माझ्या खांदा कॉलनीच्या बिल्डिंगमध्ये स्कूटरलाही जागा नाही. पण काळजी नाही. कागदपत्रं माझ्याकडे आहेत.

३ नोव्हेंबर
सायबर कॅफेत गेलो. वॉलेसनी मेलमध्ये विचारलं होतं, 'डुक्कर' म्हणजे काय? आकारावरून प्रेमाने ठेवलेलं नाव, एवढंच लिहिलं. प्राणी कळवला नाही.

५ नोव्हेंबर
दादाने हॉस्पिटलमध्येच विक्रीच्या फॉर्मवर सही करून ठेवली आहे. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. आयसीयूत एकालाच सोडायचे म्हणून फॉर्म गोदूवहिनींच्या हाती आत पाठवला होता. दोन मिनिटांत सही होऊन आला. ती सही मी रोज एकदा काढून बघतो. भावनेने नव्हे, तपासणी म्हणून. एवढ्या आजारपणात 'दीनानाथ'ची वेलांटी केवढी ठाम! माझी तर कुरिअरवाल्यासमोरही सही बिघडते.

९ नोव्हेंबर
वॉलेसचा इथला एजंट निकेश याचा द्रोणागिरीच्या गोदामातून फोन. गाडी आधी त्याच्या नावावर करायची. कागद अठरापर्यंत हवेत, कंटेनर सव्वीसला भरणार. सर, पेपर क्लीन आहेत ना, म्हणाला. मी फक्त हसलो. फोनवर हसलेलं दिसत नाही, हे ठेवल्यावर लक्षात आलं.

१६ नोव्हेंबर
वाहन कार्यालय. मालक वारल्याचं क्लार्कने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वारस म्हणून वहिनींच्या नावाने सगळं नव्याने करायचं तर महिने जातात. क्लार्कने फॉर्म उलटसुलट केला. हा प्लास्टिकमध्ये का? सही पुसट होऊ नये म्हणून लॅमिनेट करून घेतला, म्हटलं. दोन्ही बाजूंनी. जाड क्वालिटी. "अहो, मग नाव कुठे लिहू? शिक्का कशावर मारू?" म्हणाला, आणि शेजारच्या टेबलांना बोलावून दाखवला.
किरकोळ तांत्रिक अडचण.

१७ नोव्हेंबर
निकेशचं नाव प्लास्टिकवरच स्केचपेनने लिहून नेलं. सुवाच्य. क्लार्कने ते अंगठ्याने पुसून दाखवलं.

१८ नोव्हेंबर
लॅमिनेशनवाल्या जीवनकडे गेलो. "काका, निघत नाय ते. म्हणून तर लोक करतात," म्हणाला. निकेशकडून चार दिवस वाढवून घेतले. त्याने कारण विचारलं. प्रोसेस चालू आहे, म्हटलं.

२० नोव्हेंबर, सकाळी ११
इस्त्री. कोमट. एक कोपरा सुटला. दिशा बरोबर आहे.

११.२०
इस्त्री जरा वाढवली.

११.३५
प्लास्टिक निघालं. सहीही निघाली. त्यालाच चिकटून. उजेडात धरलं तर अजून वाचता येते. मागे कागद नाही, एवढाच फरक.

दुपारी १
जेवलो नाही. इस्त्री जुनी आहे. थर्मोस्टॅटचा दोष.

२४ नोव्हेंबर
कागद पोचले नाहीत म्हणून वॉलेसनी बंगळूरची एक गाडी घेतली. मेलच्या शेवटी दादाला नमस्कार आणि उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा. तो हयात नाही हे मी त्यांना कळवलंच नव्हतं. व्यवहार गुंतागुंतीचा होऊ नये म्हणून.

२७ नोव्हेंबर
नेऱ्याला गेलो. वहिनींना दोन वाक्यांत सांगायचं ठरवलं होतं. तीनदा पाणी मागून प्यायलो. शेवटी प्लास्टिक त्यांच्या हातात दिलं. दादाची शेवटची सही माझ्या हातून गेली, म्हटलं.
वहिनी हसायला लागल्या. मग तोंडाला पदर लावून रडल्या. मग पुन्हा हसल्या.
"भावजी, त्यांना पेन कुटं धरवत व्हतं? दोनी हातांना नळ्या. मीच केली सही. गॅरेजच्या पावत्यांवर बारा वरसं कोन करत व्हतं मग? आना कागद, अजून धा करून देते."
मी प्लास्टिक परत घेऊन उजेडात धरलं. रडता कशाला, म्हणाल्या. धूर गेला डोळ्यांत, म्हटलं. चूल अजून पेटलीच नाय, म्हणाल्या.
गाडीचं विचारलं. "जाऊ द्या. अकरा वरसं सवत व्हती माजी," म्हणाल्या, आणि शेडकडे बघत बसल्या.

३० नोव्हेंबर
भंगारवाल्याचा टेम्पो दहाला आला. मी शांतपणे बाजूला उभं राहायचं, मध्ये पडायचं नाही, असं ठरवून गेलो होतो. शेडबाहेर ढकलायला एक माणूस कमी पडला. काळूराम माझ्याकडे बघेना. वहिनी म्हणाल्या, "भावजी, उबे काय? लावा हात."
लावला. जोर लावायची तयारी ठेवली होती. दादाने चाकं इतकी छान बसवली होती, की गाडी एका धक्क्यात गेली.