प्रश्नाच्या शेवटचा ‘ना’

प्रिय शेंडेफळ,

पाकिटावर माझं अक्षर दिसल्याबरोबर ‘कोण गेलं?’ म्हणत तू खुर्ची शोधली असशील. कोणी गेलेलं नाही. सगळे आहेत, आणि मी तर जरा जास्तच आहे असं शाळेतल्या इतर शिक्षकांचं मत आहे. आपल्या दादाचं बोट मोडलं होतं, ते जुळलं. ज्याने मोडलं त्याला परवा शिक्षा झाली. तेव्हा आता श्वास सोड आणि पुढचं सावकाश वाच. मीसुद्धा कितीतरी महिन्यांनी खुर्चीला पाठ टेकून बसले आहे.

आई गेल्यावर दादा एका कार्यशाळेत कागदी पाकिटं चिकटवायला जाऊ लागला, हे तुला माहीत नसेल. त्याच्यासारखीच मोठी झालेली, पण हिशेब-घड्याळाच्या भानगडीत न पडलेली माणसं तिथे दिवसभर काम करतात. तिथला सुपरवायझर इतका गोड बोलायचा की त्याच्याशी बोलून आल्यावर मला चहात साखर लागत नसे. एका संध्याकाळी तो स्वतः दादाला घरी घेऊन आला. दादाचं उजव्या हाताचं मधलं बोट सुजून वांगं झालेलं. पायरीवरून पडला, असं त्याने सांगितलं आणि माझ्यादेखत दादाकडे वळून विचारलं, “पडलास ना रे?” दादा म्हणाला, “हो.” झालं. साक्षीपुराव्यासकट प्रकरण निकालात. वर मी त्याला आग्रहाने चहा पाजला. त्या कपात मी अजून चहा घेत नाही.

हाडांच्या डॉक्टरने फोटो दिव्यासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी त्याची बहीण आहे, असं मी म्हटलं. तो म्हणाला, “म्हणूनच.” मी बाहेरच्या बाकावर बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. आत त्याने दादाला प्रश्न विचारलाच नाही. स्वतःचा हात पुढे केला आणि काय झालं ते माझ्या हातावर दाखव, असं सांगितलं. दादाने त्याचं मधलं बोट धरलं आणि असं मन लावून मागे पिळलं की डॉक्टर ओरडला आणि मी दार ढकलून आत गेले. पडून मोडलेलं हाड वेगळं दिसतं, पिळून मोडलेलं वेगळं. असा संशय आला की पोलिसांना कळवणं त्याला कायद्याने भागच असतं, आणि संशय घ्यायचा तर घरच्यांपासून सुरुवात करावी लागते, हेही त्याने बोट चोळत चोळत सांगितलं. म्हणजे ज्याच्या औषधापासून बनियनपर्यंत सगळं मी बघते, त्याचं बोट मोडल्याचा संशय माझ्यावर! दोन दिवस मी भांडी आपटली. मग वाटलं, बरंच आहे की. माझ्यासारखी बहीण शेजारी उभी असताना कुणीतरी दादाच्या बाजूने तिच्यावरही संशय घेतो, म्हणजे या माणसाला माझ्याखेरीजही कोणी वाली आहे.

आता तुझ्या डोक्यात आलंच असेल, की हा कोर्टात जाऊन काय दिवे लावणार? मलाही तीच धास्ती होती. सुपरवायझरला तात्पुरतं घरी बसवलं होतं, पण दादाची साक्ष फसली असती तर तो दुसऱ्या दिवशी मिशीला पीळ देत त्याच खुर्चीत बसला असता, आणि त्याच्यासमोर दादासारखीच बाकीची माणसं. आणि आपल्या दादाची साक्ष म्हणजे काय, तर ‘हो’. आपल्याच घराने शिकवलेला ‘हो’. लहानपणी पाहुण्यांसमोर तो ‘नाही’ म्हणून जमिनीवर लोळण घ्यायचा, तेव्हा आईने त्याला घोकून घोकून ‘हो’ शिकवला. हो म्हटलं की पाहुणे म्हणायचे, किती शहाणा आहे. मग आपणही त्याला शहाणा करत सुटलो. जेवलास ना? हो. झोपणार ना? हो. आई गेल्यावर तू त्याला विचारलंस, माझ्याकडे राहायला येणार ना? तो हो म्हणाला. मी विचारलं, इथेच राहणार ना? तो हो म्हणाला. दोघीही जिंकलो, म्हणून तर एवढं कडाक्याचं भांडण झालं. एक हरली असती तर लवकर मिटलं असतं.

पोलिसांकडून आलेली बाई साध्या कपड्यांत घरी आली आणि तिने दादाचं बोलणं कॅमेऱ्यात घेतलं, म्हणजे त्याला तीच कहाणी दहा टेबलांवर सांगत फिरायला नको. पण खरी धन्वंतरी निघाली ती कोर्टाने नेमलेली सहायक. ज्यांना बोलणं जड जातं त्यांची वाचा सुधारणं हे तिचं काम. कोर्टात अशा माणसाला नीट समजेल असं विचारलं जावं आणि त्याचं उत्तर नीट ऐकलं जावं, हा त्याचा हक्क आहे म्हणे. मला ही बाई म्हणजे सरकारी खर्चाने आलेली आणखी एक मान डोलवणारी वाटली. अंगाने काडी, आवाज मांजरीचा. पण साक्षीआधी न्यायाधीशबाईंनी दोन्ही वकिलांना आणि आम्हालाही बोलावून प्रश्न कसे विचारायचे ते ठरवलं, तेव्हा या मांजरीने अट घातली: प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ लावायचा नाही. सुपरवायझरचा वकील हसला. ‘ना’ न लावता आपल्या भाषेत माणसाने बोलायचं तरी कसं, म्हणाला. तिने उत्तर दिलं नाही. दादाकडे वळून तिने विचारलं, आज तू हत्तीवर बसून आलास ना? दादा म्हणाला, हो. सगळे हसले. मग तिने विचारलं, आज कशातून आलास? दादा म्हणाला, “टॅक्सी. ताई भांडली.” जे हसत होते ते सगळे वळून माझ्याकडे बघू लागले, कारण टॅक्सीवाल्याशी मी खरोखरच भांडले होते.

तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवली. वर्गात मी दिवसभर विचारत असते, कळलं ना? पोरं एका सुरात ‘हो’ म्हणतात, आणि पेपर तपासताना काय कळलं ते मला कळतं. म्हणजे हा ‘ना’ नुसता दादाचा शत्रू नाही. माझी निम्मी नोकरी त्याच्यावर चालली आहे.

साक्षीच्या आधी त्यांनी दादाला रिकामं कोर्ट दाखवून आणलं. कोण कुठे बसतं, पाणी कुठे, संडास कुठे. न्यायाधीशबाई काळा झगा न घालता येऊन त्याला भेटल्या. साक्षीच्या दिवशी आरोपीच्या बाजूला पडदा लावला होता, म्हणजे दादाला ते तोंड दिसायला नको. माझी साक्ष सकाळीच झाली होती, म्हणून मला आत बसू दिलं, पण अगदी मागे, खांबाआड. कारण दादा उत्तर देण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो, असं मांजरीच्या लक्षात आलं होतं. माझा चेहरा म्हणजे उघडी उत्तरपत्रिका, हे मलाही मान्य करावं लागलं.

दादाच्या हातात एक लाल कार्ड दिलं होतं. दमलास, घाबरलास की वर कर, सगळे थांबतील. त्याने बसल्या बसल्याच वर केलं. न्यायाधीशबाई उठल्या, त्यांच्याबरोबर वकील उठले, कारकून उठले, शिपायाने दार उघडलं. पंख्याखाली घामाने भिजलेलं ते अख्खं कोर्ट दादाच्या एका हाताने उभं राहिलं. मी खांबाआड कपाळाला हात लावला होता. पण सगळे परत येऊन बसले, तेव्हा दादा खुर्चीत असा काही ताठ बसला होता की मी त्याला ओळखलं नसतं. मग त्याने ते कार्ड शेवटपर्यंत मांडीवर ठेवलं. एकदा खात्री झाली होती, तेवढं पुरे होतं.

सुपरवायझरच्या बिचाऱ्या वकिलाची मात्र जीभ वळेना. पहिलाच प्रश्न, तू पायरीवर पडलास ना? मांजर उभी राहिली. त्याने माफी मागून विचारलं, तुला त्या दिवशी कोणी रागावलं आणि तू पळताना पडलास की नाही? मांजर पुन्हा उभी, एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत म्हणून. मध्येच न्यायाधीशबाईंनी प्रेमाने विचारलं, पाणी हवं ना? तर ही त्यांच्यासाठीही उभी राहिली. मला वाटलं, आता हिला बाहेर काढतात. न्यायाधीशबाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, बरोबर आहे, माझंच चुकलं. दादा पाणी प्यायला नाही.

शेवटी वकिलाने विचारलं, “बोट कसं मोडलं?” दादा गप्प. इतका वेळ गप्प की वकील पुढचा प्रश्न काढू लागला. न्यायाधीशबाईंनी हाताने त्याला थांबवलं. माझ्या ओठांवर उत्तर नाचत होतं आणि मध्ये खांब होता. मग दादा बोलला. “पाकिटं वाकडी चिकटली. साहेबांनी बोट धरलं. मोडलं. म्हणाले, पडलास ना? मी म्हणालो, हो.” थोडं थांबून तो म्हणाला, “पडलो नव्हतो.”

शेंडेफळ, पन्नाशीच्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा ‘हो’ परत घेतला. वकिलाने कागद मिटले. तो वकील मला तेव्हा पहिल्यांदा माणूस वाटला.

त्यानंतर कार्यशाळेतल्या आणखी दोघांच्या घरचे पुढे आले. परवा निकाल लागला. सुपरवायझर तुरुंगात गेला, आणि सुटल्यावरही त्याला अशा माणसांच्या आसपास काम करता येणार नाही, आमच्या गल्लीत पाऊल टाकता येणार नाही. लांबलचक निकाल वाचून झाल्यावर न्यायाधीशबाईंनी दादासाठी वेगळा, चार ओळींचा वाचला. तू खरं सांगितलंस, आम्ही ऐकलं, अशा सोप्या वाक्यांत. दादा म्हणाला, “बरं.” ‘हो’ नाही म्हणाला. मी बाहेर येऊन जिन्यात बसून रडले, आणि शिपायाने मला तुमच्या भावाला त्रास झाला का, असं विचारलं. अगदी ‘ना’ न लावता. साथ पसरली आहे म्हणायची.

घरात मात्र माझे हाल आहेत. भाजी वाढली, नाही. स्वेटर, नाही. माझ्या मैत्रिणीने कौतुकाने विचारलं, तुझी ताई किती चांगली आहे ना? त्यावर तो विचारात पडला. अजून उत्तर आलेलं नाही. मी रोज संध्याकाळी गॅलरीत बसून हे सगळं सहन करते आणि मला फार बरं वाटतं.

आता हे पत्र का लिहिते आहे, ते सांगते. त्या माणसाने अपील केलं किंवा तो सुटणार असला, तर दादाला आधी कळवणं हा त्याचा हक्क आहे. त्याला वाचता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने निरोप घेणारं एक माणूस त्याने निवडायचं असतं. कारकुनाने माझं नाव निम्मं लिहिलंसुद्धा होतं. मांजरीने त्याचा हात थांबवला आणि दादाला विचारलं, “निरोप कुणाला द्यायचा?” दादा म्हणाला, “फळ.” कारकुनाने पेन वर करून विचारलं, कोणतं फळ? सगळा जन्म त्याची बटणं मी लावली, आणि तिथे उभं राहून मलाच सांगावं लागलं की फळ म्हणजे आमची धाकटी. मी दादाला विचारलं, माझं नाव का नाही? तो मला समजावल्यासारखं म्हणाला, “ताईला माहीत असतं. फळाला कोण सांगतं?” दोन वर्षं आपण दोघी एकमेकींचे फोन घेत नाही, आणि हिशेब-घड्याळ न कळणारा हा माणूस एवढंच मोजत बसला होता. तुझी संमती घ्यायला त्या कार्यालयातून तुला फोन येईल. नंबर अनोळखी असेल, तरी उचल. त्यांना काय उत्तर द्यायचं ते तू ठरव, पण आधी दादाला फोन करून सांग. तो संध्याकाळी फोनजवळच बसतो, आणि उचलायला मी जाणार नाही.

तुझीच, आणि सध्या दादाची टपालवाली,
ताई