बाळंतिणीची सुंठ

कर्वेनगर, रविवार, ११ एप्रिल २००४

आज शेवटी सुंठीचा डबा उघडला. एकाही तुकड्याला भोक नाही.

आमची मंजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, म्हणून मीच गच्चीत आलं वाळवून ही सुंठ केली होती. विकतच्या सुंठीला भुंगे लागतात. म्हणून तळाशी कडुनिंबाचा पाला, मध्ये वेखंडाचे तुकडे, वर परत पाला. ओला राहिला तर बुरशी धरते, म्हणून सावलीत वाळवून हातावर चुरून पाहिलेला. हे तेव्हा म्हणाले होते, "अगं, पाचव्या महिन्यात कसली जमवाजमव?" मी म्हटलं, सुंठ म्हणजे काय बाळंतविडा आहे?

पंधरवड्यापूर्वी मंजूचं मूल पोटातच गेलं. कंपनीतून रजा घेऊन ती इथेच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाचा दोष नाही. मग डब्याला हात लावायला मी इतके दिवस का भीत होते? खरंच घाई केली का मी?

वाटलं होतं, किडली असेल, फेकून तरी देता येईल. पण छे, एक भोक नाही. खडखडीत.

मंजू मागे येऊन कधी उभी राहिली, कळलंच नाही. म्हणाली, "आई, चहात घालून संपवून टाक."

संध्याकाळी घातली. हे म्हणाले, "आज चहा फर्मास झालाय." मंजूने एका दमात कप रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. मी ओतला. डबा अजून काठोकाठ भरलेला आहे.